देवाजीचं हॉटेल

वैनगंगेकाठच्या त्या गावात देवाजीला आडनावानं कुणी ओळखत नाही. 'गिधाडवाला' म्हणा, शेंबडं पोरही घर दाखवील. वनखात्यानं त्याला गिधाडं राखायला ठेवलं, त्याला बारा वर्षं झाली. गावात जनावर मेलं की हा हजर! "पुरू नोका भाऊ, पाखरायले द्या," म्हणायचा आणि गाडीत घालून रानातल्या कुंपणात नेऊन ठेवायचा. गाव त्या जागेला देवाजीचं हॉटेल म्हणतं. नदीकाठच्या अर्जुनाच्या झाडांवर अकरा गिधाडं उरलीत, त्यांचं पोट या हॉटेलावर.

"माह्या पाखऱ्या गेला का त्यालेबी इथीच आणीन," असं तो येताजाता सांगायचा. पाखऱ्या म्हणजे त्याचा म्हातारा बैल, मार्कंड्याच्या जत्रेतली घंटा गळ्यात मिरवणारा.

यंदा चैत्रात पाखऱ्या घरामागच्या बांधावर बसला तो उठेचना. दोन दिवस विव्हळला. तिसऱ्या दिवशी देवाजीच्यानं ऐकवेना. दुखणं थांबवायची एक सुई असते. ती टोचलेलं जनावर खाल्लं की गिधाड मरतं. ती वापरू नका म्हणून यानंच गाव डोक्यावर घेतलेलं! गिधाडांना चालणारं औषध तालुक्याला होतं, हे हाताशी होतं. माणूसच तो, पाघळला. पाखऱ्या शांत झोपला आणि सकाळी गेला.

लोक गाडी जुंपून दारात आले. सुईचं फक्त बायकोला, केसरबाईला ठाऊक होतं, आणि ती कुणाला सांगणार नव्हती. देवाजीनं मान खाली घातली.

"गाडी सोडा. म्या त्याले ते सुई देल्ली. गिधाडायले हा चालत नाई."

"वा रे गिधाडवाल्या!" कुणीतरी खिदळलं. हळूहळू सगळे पांगले.

देवाजी तिथंच बांधावर, पाखऱ्याशेजारी एकटाच खणत होता. उन्हानं जमीन अशी कडक की कुदळ उसळून परत यायची. तेवढ्यात लच्छू आपली कुदळ घेऊन आला. गेल्या वर्षी त्यानं मेलेली गाय पुरली, तेव्हापासून देवाजीनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

लच्छू खाली उतरून खणू लागला. खणता खणताच म्हणाला, "माह्या गायीलेबी तेच सुई देल्ली होती, भाऊ. तुमीच सांगत होते ना, म्हून पुरली."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी फाडून खाल्लं असतं मले!"

देवाजीनं कुदळ खाली ठेवली. "वरीसभर बोललो नाई रे तुह्यासंग," म्हणाला.

वर घिरट्या सुरू झाल्या होत्या. दोन गिधाडं बांधावर उतरलीसुद्धा. बारा वर्षं ज्यांची वाट पाहिली, त्यांच्यावर ढेकूळ उगारताना देवाजीला रडू फुटलं. हात वरचा वरच राहिला.

लच्छूनं त्याच्या हातातलं ढेकूळ घेतलं आणि भिरकावलं.

"हाऽड! हॉटेल बंद हाये आज!"

डोळे पुसता पुसता देवाजीला हसू आलं.