केंद्राच्या जागेवरून माझं ‘नाही’

कराडहून निघताना सुनेने विचारलं, "इतक्या लांब जाऊन तुम्ही करणार काय?" मी म्हटलं, "बसणार." खरंच तेवढंच ठरलं होतं. आमच्या संस्थेला चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांसाठी एक मदत केंद्र काढायचं होतं. तिकडची छोटी मंडळं, बायकांचे गट, फुकट राबणारे कार्यकर्ते, यांना साधी संस्था नोंदवायची म्हटली तरी नागपूर गाठावं लागतं. ती मदत जवळ मिळावी, हा हेतू. जागा ठरवायला आमचे मनोहर सर निघाले. सोबत एक बाई असावी असं वर कुणीतरी म्हणालं, म्हणून मी. चौथी पास आणि गुडघे नापास, पण बाई आहे यात वाद नव्हता.

वर्ध्याला गाडी बदलून चंद्रपूरला उतरलो. दुपारपर्यंत माझं पांढरं लुगडं राखाडी झालं. तिथे जमिनीखालून कोळसा काढतात आणि वर आल्यावर तो सगळ्यांना थोडा थोडा वाटतात.

तिथली जागा सरांना बघताक्षणी आवडली. गुळगुळीत फरशी, पंखे, दाराशी रिक्षा. "शिवाय ताडोबा जवळ," सर म्हणाले. "देणगीदार आले की मोहर्लीला नेऊन वाघ दाखवता येईल."

"आणि जंगलातली बाई मदत मागायला आली की तिला काय दाखवायचं?"

सरांनी ऐकलं नाही. ते त्यांना चांगलं जमतं.

दुसरी जागा धानोऱ्याजवळच्या एका गावात होती. त्या गावाने आपलं मोठं कौलारू घर आपण होऊन देऊ केलं होतं. मूल गावावरून वैनगंगा ओलांडून गडचिरोली आणि तिथून दुसरी एसटी. आधी भाताच्या कापून झालेल्या बांध्या (बांध घातलेली खाचरं), मध्ये मध्ये बोड्या (छोटी तळी), मग साग आणि मोह सुरू झाले ते संपेचनात. शेजारणीच्या पिशवीतली कोंबडी सरांच्या पायमोज्याला दाणा समजून टोचत होती. "काढून टाका ना मोजा," शेजारीण म्हणाली, "तिले काय समजते शिकलेला माणूस हाय म्हणून?"

थांब्यावर शेवंता उभी होती. गावातल्या बायकांचं मंडळ ती चालवते. चाळिशीची, काटक. "जय भीम, बाई," म्हणत तिने माझी पिशवी ओढून घेतली आणि वाटेतच सांगायला लागली. "मंडळाच्या कागदापायी किती खेपा नागपूरले गेली मी. कधी सायेब नाई, कधी शिक्का नाई. ष्टँडवर झोपली. आता बाया म्हनून राह्यल्या, मोडून टाक थे मंडळ. केंद्र इथीच झालं पायजे, बाई. चंद्रपूरले झालं त आमच्यासाठी थे नागपूरच."

सरांनी तिला स्पष्ट सांगितलं, "गावाने आज आमच्या आराखड्याला होकार दिला तर संध्याकाळी धानोऱ्याहून फोन करून हीच जागा कळवतो. आज नाही ठरलं तर चंद्रपूर."

जेवायला भात, लाखोळीचं वरण आणि झिंगे (सुकवलेली छोटी कोळंबी) होते. सर झिंगे एकेक करून बाजूला सारत होते. मी ते त्यांच्या ताटातून उचलून खाल्ले. वाया का घालवायचे?

मग त्या मोठ्या घरात सभा बसली. या गावात हात वर करून मोजत नाहीत. सगळे गोल बसतात, त्याला घेरा म्हणतात. घेऱ्यातल्या एकेकाला विचारतात आणि एकजण जरी नाही म्हणाला तरी ते काम तिथेच थांबतं. सरांना खुर्ची दिली होती, घेऱ्याबाहेर. मला टेकायला खांब हवा होता आणि खांब घेऱ्यात होता.

सरांनी नकाशा दाखवला. इथे कार्यालय, इथे संगणक, इथे प्रशिक्षण, ही सरांची खोली. सगळ्यांनी मान डोलावली. मनकूभाऊ नावाचा म्हातारा विचारत विचारत पुढे सरकला. हो, हो, हो. माझ्यापाशी थांबला.

"बाई, तुमचं?"

"मला काय विचारता? मी पाहुणी."

"घेऱ्यात बसल्या ना?"

"खांबासाठी बसले."

"मंग सांगा."

विचारलंच, तर म्हटलं, "नाही."

सर खुर्चीतून उठलेच. "अहो, त्या आमच्याच आहेत! त्यांचं धरू नका."

"बसल्या, मंग धरा लागते," मनकूभाऊ म्हणाला.

शेवंताचा चेहरा उतरला. ती सरकत जवळ आली आणि दातांतल्या दातांत म्हणाली, "काऊन माहं घर पाडून राह्यल्या, बाई?"

मला इतकं होईल असं वाटलं नव्हतं. म्हटलं, "बरं बाबा, हो."

"असं नाई चालत," मनकूभाऊ म्हणाला. "नाईचं हो कायनं झालं, थे सांगा लागते. भेऊन हो म्हनलं त आमी धरत नाई."

मग सांगावंच लागलं. "या नकाशात माणूस झोपतो कुठे? लांबून एखादी बाई पोर घेऊन येणार, तिची गाडी चुकणार, तिने कुठे निजायचं? ही शेवंता नागपुरात स्टँडवर झोपली, बाकीच्यांनी इथल्या थांब्यावर झोपायचं का? चूल कुठे आहे? संगणकाला खोली आहे, सरांना खोली आहे."

"ते नंतर बघू," सर म्हणाले.

"नंतर म्हंजे कवा?" एका बाईने विचारलं आणि चर्चा पहिल्यापासून सुरू झाली. एकेकजण सावकाश बोलत होता. सर घड्याळ बघत होते. उन्हं कलली. बाहेर धानोऱ्याच्या शेवटच्या एसटीने हॉर्न दिला आणि ती निघून गेली.

तेव्हा शेवंता उभी राहिली. "सर, तुमची खोली देऊन टाका."

"मग मी कुठे बसू?"

"आमच्यासंगं बसा ना," मागून कुणी म्हणालं. "आमी चावत नाई."

सगळे हसले. मनकूभाऊने सरांना खुर्चीवरून उठवून घेऱ्यात बसवलं आणि पुन्हा एकेकाला विचारलं. मी हो म्हटलं, कारण आता झोपायला जागा होती. राहिले सर. सगळे त्यांच्याकडे बघत बसले. कुणाला कसली घाई नव्हती.

"हो," सर म्हणाले.

"भेऊन?"

"नाही. दमून."

मनकूभाऊने जरा विचार केला. "दमून चालते."

धानोऱ्याला आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलो. फोनच्या टपरीत सरांनी गावाचं नाव ओरडून सांगेपर्यंत शेवंता दारातून हलली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लय तरास दिला तुमी, बाई." आणि माझा हात घट्ट धरून ठेवला. मला असलं आवडत नाही, पण ट्रॉलीतून उतरून गुडघे धरले होते, म्हणून धरू दिला.

घरी आल्यावर संस्थेची बैठक झाली. सरांनी अहवाल वाचला, त्यात सभेला ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ म्हटलं होतं. मग अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. आमचं पाळणाघर बंद करून तिथे बैठकीचा हॉल करायचा. "सर्वांना मान्य?" असं विचारत त्यांनी पान उलटलंसुद्धा. या खोलीत मी कितीतरी वर्षं बसते. इथे मान्य आहे का हे पान उलटायच्या आत सांगावं लागतं.

मी म्हटलं, "नाही."

अध्यक्षांनी उलटलेलं पान परत मागे आणलं. सरांनी हातातला अहवाल मिटून बाजूला ठेवला आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "चहा सांगा रे. वेळ लागणार आहे."