धनराजचा पाय कसा मोडला?

मेडशीत आमची बारा बायांची सोंगणी-कापणीची टोळी हाये, अन् तिची मुकादमीन मी, कमलीबाई. दरसाल ज्या घरी मानूस अडचणीत असन, त्याच्या वावरात आमी एक दिवस फुकट सोंगतो. पन चौकशी केल्याबिगर मी विळा उचलत नाही. फुकटे लय झाले, बाप्पा!

यंदा गोजरा आली. दोन एकर सोयाबीन वाळून उभं, नवरा धनराज पाय मोडून खाटेवर.

"काकू, दोन दिवसांत नाही सोंगलं तं शेंगा फुटतीन. साऱ्या सालाचं खानं हाये त्यात."

"पाय कसा मोडला वं?"

"गोठ्यात घसरले. गाईले कुटार टाकून राह्यले होते."

"अवमाय, बिचारा!" बाया हळहळल्या. दुसऱ्या दिवशीच जायचं ठरलं. मले मात्र ते काही पचलं नाही.

सकाळी तिच्या वावराच्या धुऱ्यावर पोचलो, विळे काढले, अन् मले एकदम आठोलं. "काहून वं गोजरा, गाय तं तू पोळ्याच्या आंदीच इकली नं?"

तिचं तोंड उतरलं. मंग खरं निघालं. धनराज पिऊन गाडीवरून नालीत पडला होता.

"पाहा वं बायांनो! बेवड्यासाठी आपून घाम गाळाचा काय?" मी वरडली. मोठी चोरी पकडल्यावानी जोर चढला होता मले. बाया आल्या पावली परत गेल्या. मांगच्या साली गावातल्या उकंडरावले साप चावला, तव्हा याच बाया त्याच्या वावरात दिवसभर राबल्या होत्या.

मीबी निघाली. वळून पाह्यलं, तं गोजरा एकटीच सोंगत होती. ऊन तापलं होतं, शेंगा तडतड फुटून राह्यल्या होत्या. मी माघारी जाऊन तिले झापलं, "खोटं काहून बोलली?"

तिनं हात थांबवला नाही. "खरं सांगतलं असतं तं आल्या असत्या काय, काकू? दारू त्यानं पेली. पेरलं मी, निंदलं मी. उपाशी राह्यतीन माही लेकरं."

लाज वाटली, अन् सवताचाच राग आला. मी विळा काढून तिच्या बाजूची वळ, तास धरलं. दुपारी एकेकीले फोन लावला. "बेवड्याचं वावर, तूच तं म्हनली," असं म्हनून साऱ्याइनं ठेवून देल्ला.

दोघींच्यानं अर्धा एकर झालं. उरलेलं दुसऱ्या दिवशीच्या उन्हात फुटलं. तिसऱ्या दिवशी गोजरा अन् तिची लेकरं भुईवरचे दाने येचत होती. मी जवळ बसली, तं तिनं आपलं टोपलं उचललं अन् दूर जाऊन बसली.