पियानोवाल्यांना मिळालेला ‘वन्स मोअर’

मंडळी, पन्नास वर्षं झाली, तरी शाळेतल्या कवितेसारखी ती आरोळी मला पाठ आहे: “वन्स मोअर!”

सत्तरच्या दशकात सांगलीच्या नाट्यगृहात एक बुजुर्ग पियानोवादक मोठा वाद्यवृंद घेऊन आले होते. रचना तीन भागांची. पहिला भाग संपला की गप्प बसायचं, हे संगीत नाटकांवर वाढलेल्या आम्हाला कुठलं ठाऊक? आमच्याकडे पद रंगलं की वन्स मोअर.

आमच्याच बाजूने घोगरी आरोळी आली. वादकांनी वळून आमच्याकडे पाहिलं. सगळं नाट्यगृह हसलं. मी लाजेने मेलो.

शेजारी माझा मित्र दत्तू, कोरेगावचा. माझा पक्का संशय त्याच्यावर.

“आईच्यान, मी न्हाई वरडलो, गड्या!”

मी ऐकलं नाही. बोलणंच तोडलं.

आज सकाळी कुणीतरी त्या मैफलीची टेप आपल्या ग्रुपवर टाकली. आरोळी ऐकली, पाठोपाठ खोकला. तो खोकला मी चाळीस वर्षं घरात ऐकलाय. मागच्या रांगेत बसलेली माझी बायको! सर्दीने घसा बसला होता तिचा.

ती आता नाही. पण नवा संशय छळतोय: तिने मला कधीच का सांगितलं नाही? माझी भीती वाटायची का तिला? आणि तुम्ही माझ्या जागी असता, तर दत्तूला कोणत्या तोंडाने फोन केला असता?

एवढं लिहिलं आणि दार वाजलं. काठी टेकत दत्तू उभा.

“ऐकलीस न्हवं टेप? मला बी आली सकाळी,” तो म्हणाला. “वैनींचा आवाज मी तवाच वळखला हुता. पर तुझ्या रागापुढं त्यांचं नाव कसं घ्यायचं रं?”