हसू धरून ठेवायला लावणारे सर

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात विनोद सांगून वर लोकांना हसू न देणारा माणूस एकच, आमचे अर्थशास्त्राचे सर. विनोद सांगून झाला की ते खडू वर धरून उभे राहायचे आणि साठ पोरंपोरी गाल फुगवून गप्प बसायची. कारण पहिल्या बाकावर मी होते आणि मला ऐकू येत नाही. लहानपणी तापात कान गेले; कानातल्या मशीनमधून सरांपेक्षा वर्गातला पंखाच जास्त ऐकू यायचा. सरांनी खिशाला माइक अडकवलेला असे आणि त्यांचं बोलणं माझ्या मोबाइलवर अक्षरांत उमटायचं, पण त्यांच्या विनोदातल्या वऱ्हाडीपुढे मोबाइल हात टेकायचा. "धडा मोबाइलवर चालते, जोक नाही चालत," असं म्हणून विनोद ते स्वतः फळ्यावर लिहून काढत. मी वाचायचे, हसायचे, मग खडू खाली यायचा आणि सगळा वर्ग एकदम हसायचा. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावचा एक पोरगा एकदा आधीच हसला, तर सरांनी त्याला माझ्यासमोर उभं करून तोच विनोद पहिल्यापासून, ओठ दिसतील असा, मला कळेपर्यंत सांगायला लावला. तिसऱ्या खेपेला त्यात हसण्यासारखं काही नाही हे त्याच्याच ध्यानात आलं. सर त्या दिवशी म्हणाले, "हासू वाटून खाची गोष्ट आहे, पोरहो. एक जन उपाशी अन् बाकीचे ढेकर देऊन राह्यले, हे माह्या वर्गात नाही चालनार." मी ते त्यांच्या ओठांवरून वाचलं आणि वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं.

माझ्याकडे पाठ करायची नाही हा त्यांचा दुसरा नेम. त्यामुळे फळ्यावर ते खेकड्यासारखे आडवे चालत लिहायचे आणि मागणीचा वक्र नको तिथे वर चढायचा. मिशीमुळे ओठ दिसत नाहीत अशी चिठ्ठी मी पहिल्याच आठवड्यात भीत भीत दिली, तर वीस वर्षांची मिशी दुसऱ्या दिवशी गायब. घरी काकूंनी म्हणे दार उघडून "कोन पाह्यजे?" असं विचारलं होतं. एकदा परीक्षेच्या दिवशी माझी बस चुकली आणि त्यांनी मला मोटारसायकलवर मागे बसवलं. बोलायचं झालं की गाडी रस्त्याच्या कडेला उभी करायची, मागे वळायचं, वाक्य पूर्ण करायचं आणि पुन्हा किक मारायची. पेपरला आम्ही दोघंही उशिरा पोचलो, पण पेपरात आलेलं अंदाजपत्रक सरांनी मला वाटेतच समजावून दिलं होतं.

त्यांच्या वर्गात दोन शब्दांना बंदी होती, "मंग सांगतो". घरी सगळे हसले की मी काय झालं म्हणून विचारायचे आणि मला हेच दोन शब्द मिळायचे. तो 'मंग' कधी आला नाही. आता वाशीमला कचेरीत नोकरीला आहे. चहाच्या वेळी टेबलाभोवती सगळे हसतात, माणसं चांगली आहेत, कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून मग सांगते म्हणतं, आणि मीही हसल्यासारखं तोंड करते. इतक्या माणसांत बसून इतकं एकटं वाटू शकतं, हे त्या वर्गातली तीन वर्षं मी विसरले होते.

गेल्या दिवाळीनंतर कामरगावला सरांना भेटायला गेले. निवृत्त झालेत, काकू गेल्या, आणि कानही गेलेत. मिशी मात्र परत आलेली नाही. मुलगा, सून, नातवंडं बसली होती. अचानक सगळी हसायला लागली. सरांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या: काय झालं? मलाही ठाऊक नव्हतं. घरभर हसू होतं आणि आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत होतो. मला रडू येऊ लागलं, म्हणून मी मोबाइल काढला आणि त्यांचाच सगळ्यात शिळा विनोद मोठ्या अक्षरांत लिहून पुढे धरला: दलालाने म्हशीचं इतकं कौतुक केलं की मालकाने ती विकायचं रद्द केलं आणि दलालाला दलाली देऊन म्हैस घरी आणली. सरांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. मी थांबले. मग ते हसले, तेव्हा मी हसले. पोटभर. मुलाने गोंधळून विचारलं, बाबा, काय झालं? मुलाचे ओठ नीट वाचून सर म्हणाले, "मंग सांगतो."

परतीच्या बसमध्ये मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. त्या घरात उद्याही सगळे हसणार होते आणि सर एकटेच तोंडं बघत बसणार होते. तेव्हापासून रोज सकाळी मी सरांना एक विनोद पाठवते. त्यांनी वाचल्याची निळी खूण येईपर्यंत हसू धरून ठेवते. हल्ली ती खूण कधीकधी संध्याकाळपर्यंत येत नाही, आणि कचेरीतले लोक विचारतात, आज गप्प का?