चावून पाहिलेली गोळी

“गोड लागली म्हणजे खोटीच,” ताई पुन्हा म्हणाली.

“पण भावाची गोळी तू चावलीसच कशी?” आईने तिसऱ्यांदा विचारलं.

ताई बावीस वर्षं औषधांच्या कारखान्यात गोळ्या पाकिटात भरत होती. घरात दूधसुद्धा ती हुंगल्याशिवाय तापवत नसे. धाकट्या भावाला कानात आवाज ऐकू येऊ लागले, सगळ्यांचा संशय येऊ लागला, तेव्हापासून त्याच्या औषधांचा डबा तिच्याच ताब्यात होता.

जुन्या गोळ्यांनी आवाज थांबले, पण तो दिवसभर भिंतीकडे बघत बसे. म्हणून डॉक्टरांनी त्याला चाचणीत घेतलं. मेंदूतलं एक एन्झाइम रोखणारी नवी गोळी अशा माणसाला पुन्हा हालतं करते का, हे त्यांना पाहायचं होतं. निम्म्या जणांना नुसती बिनऔषधी गोळी मिळणार होती. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

“त्यांना सगळं ठाऊक असतं. तुला बनवताहेत,” ताई म्हणाली. “आता जायचं नाही तिथे.”

“साखरेचा थर खऱ्या गोळीलाही असतो, हे तूच सांगायचीस,” भाऊ म्हणाला. “संशयाचा आजार मला आहे ना, ताई?”

आईने हसू दाबलं. ताईने डबा पोटाशी धरला. भावाने उठून तो काढून घेतला.

“उद्या मी एकटा जाणार. एक गोळी तू चावलीस, ते सांगणार. त्यांनी ठेवलं तर चाचणी पुरी करणार. डबा आजपासून माझ्या कपाटात.”