मंजूर नफरी, हजर नफरी

बाबांना जाऊन चार महिने झाले. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की मला आधी जर्मन पायदळ आठवतं. त्याचं कारण सांगते.

परदेशात शिकताना क्लेटनला आम्ही चार मुली एका घरात राहायचो. भारतातून विद्यार्थ्यांची विमानं भरून येत होती, ते दिवस. बाकीच्या तिघी अकाउंटिंग आणि कुकरी शिकत होत्या, कारण त्यातून पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, मिळण्याची आशा असायची. मी इतिहासात मास्टर्स करत होते. विषय होता, जर्मन पायदळ डिव्हिजनची रचना दोन महायुद्धांत कशी बदलत गेली.

"जर्मन फौज मोजून पीआर कोण देणार गं तुला?" कुकरीवाली कांदा चिरता चिरता विचारायची. "निदान त्यांचा मेन्यू तरी शिकून घे."

प्रबंधाचा मसुदा त्या सेमिस्टरला मान्य झाला तर पीएचडीला जागा, नाहीतर पुण्याला परत.

पुण्यात शिकलेलं जर्मन कामी येत होतं. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला एका डिव्हिजनमध्ये बारा बटालियन असत. त्याच युद्धात त्या नऊ झाल्या. दुसरं युद्धही नऊवर सुरू झालं आणि शेवटी शेवटी सहा उरल्या. फौजेच्या रचनेच्या तक्त्यात माणसं घटली होती, पण शस्त्रांचा मारा तेवढा घटला नव्हता. त्यावरून मी निष्कर्ष लिहिला की ही विचारपूर्वक केलेली सुधारणा होती. तो निष्कर्ष मला फार आवडला होता.

रविवारी दुपारी, म्हणजे पुण्यातल्या सकाळी, मी तो बाबांना फोनवर वाचून दाखवला. बाबा सैन्यात क्लार्क होते. युनिटमधली माणसं किती, ही नफरी त्यांनी नोकरीभर रोज सकाळी लिहिली. सोसायटीतले लोक त्यांना 'टाइपरायटरवाला फौजी' म्हणत. ते हसून घेत. मला मात्र लहानपणी त्याची लाज वाटायची.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ही मंजूर नफरी झाली. हजर किती?"

"म्हणजे?"

"अगं, तक्त्यात जागा असतात, माणसं नसतात. सुट्टीवर किती, इस्पितळात किती, दुसरीकडे धाडलेले किती? लंगरात जेवणारे किती आणि खंदकात उभे किती? बघितलंस?"

नव्हतं बघितलं. मी विषय बदलायला म्हटलं, "त्यांनी रेजिमेंटांची नावंसुद्धा बदलली, बाबा. साध्या पायदळाला ग्रेनेडियर म्हणायला लागले."

"बरोबर आहे. माणसं कमी पडली की नावं मोठी करतात. आमच्याकडे एकदा..."

"ऑफिसातलं फोनवर सांगू नका हो!" मागून आई ओरडली.

पुढचे तीन आठवडे मी लायब्ररीत मायक्रोफिल्म वाचत होते. त्या फौजेने काय काय अत्याचार केले होते, ते मला ठाऊक होतं. पण तिच्याही कचेऱ्यांत कुणीतरी जेवणाऱ्यांचा आकडा वेगळा आणि लढणाऱ्यांचा वेगळा लिहून ठेवला होता. कागदावर बटालियन नऊ असताना काहींत धड एका कंपनीइतकीही, म्हणजे पाव बटालियनइतकीही, माणसं लढायला उरली नव्हती. काही डिव्हिजनांनी तर तीन बटालियन आधीच मोडून टाकल्या होत्या. सहाचा तक्ता आला तो मागाहून, आधीच झालेली घट कागदावर मान्य करायला. मी निष्कर्ष खोडला आणि अर्धा प्रबंध नव्याने लिहिला.

माझे गाईड मोजकं बोलणारे. मसुदा वाचून त्यांनी विचारलं, "हा प्रश्न कुठल्या पुस्तकातून घेतलास?"

"पुस्तकातून नाही. माझे वडील सैन्यात क्लार्क होते. त्यांनी विचारला."

"मग तसं लिही," ते म्हणाले. "तळटीप दे."

मसुदा मान्य झाला. मी लगेच घरी फोन केला. मी राहणार हे ऐकून आई रडली. बाबांनी विचारलं, "तळटिपेत काय लिहिलंयस?"

"सैन्यातले निवृत्त हेडक्लार्क."

बाबांनी ते शब्द एकदा स्वतः म्हणून पाहिले. मग म्हणाले, "सैन्यातले नको. पायदळातले लिही."

मी तसं लिहिलं.