सांगलीला आवाज फाटून जायचा

लढाई संपल्यावर हे पलटणीतून परत आले. पलटणीत बिनतारीचं काम केलेलं, म्हणून साताऱ्यात सरकारी बिनतारीच्या खोलीवर ह्यांना तात्पुरतं घेतलं. पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं की तिथून सांगलीला तोंडी निरोप द्यायचा. पण निरोप पोचायचा तो फाटून. नुसती घरघर, शब्द कळायचा नाही. साहेबांनी सांगितलं होतं, पाऊस सुरू व्हायच्या आत बोलणं साफ झालं तर कायम करू, नाहीतर गावी जा. गाव आटपाडीकडं. तिथं दिरांची मेंढरं आणि पाण्यासाठी कोसभर चाल. मला तिकडं परत जायचं नव्हतं. हे मी कुणाजवळ बोलले नाही.

ह्यांचं जेवण मी खोलीवर न्यायची. फडकं सोडायलाही ह्यांना सवड नसायची. यंत्रातले काचेचे व्हॉल्व्ह बदलून झाले, तारा बदलून झाल्या. निरोप बोलायचं काम तिथल्या वयस्कर हवालदारांचं. लांबच्या रानातल्या माणसाला हाक मारावी तसे ते उभं राहून ओरडायचे.

"आवं दादा, हळू बोला," हे म्हणायचे. "वरडलं की यंत्रावर लय भार पडतो, मग आवाज फाटतो."

"सांगली काय हितं हाय व्हय? ओढ्यापलीकडं हाक मारायची तर घसा बसतो, आन तू मला कुजबुजाय सांगतोस."

एका दुपारी हवालदार जेवायला गेले तेव्हा ह्यांनी मला यंत्रापुढं बसवलं. परक्या माणसानं आपला आवाज ऐकायचा म्हणून मी नको नको म्हणत होते.

"घरात बोलतीस तसं बोल. मला हात मोकळं पायजेत."

"काय बोलू?"

"कायबी."

मी पदर तोंडाशी धरून म्हटलं, दळण झालंय, सांजच्याला पिठलं करायचं हाय.

थोड्या वेळानं पेटीतून सांगलीचा माणूस बोलला, "वैनी, लसूण जरा जास्त टाका. आन हवालदारास्नी वाढू नका, त्यांच्या पोटात आदीच लय वारा हाय."

सगळं कळलं होतं त्याला. हे हसले नाहीत, डोळे मिटून बसले. म्हणजे यंत्र धड होतं, पण हवालदारांचं ओरडणं काही थांबणार नव्हतं. ते यंत्रानंच सोसायला हवं होतं.

पुढं ह्यांनी काय केलं ते मला समजलं तसं लिहिते. मोठा झालेला आवाज थोडा उलटा करून परत आत सोडायचा, म्हणजे फाटणं कमी होतं. पण त्यात आवाजाची ताकदही जाते. जास्त सोडलं की यंत्र शिट्टी घालायचं, कमी सोडलं की पुन्हा घरघर. किती सोडायचं ह्यातच ह्यांचं रक्त आटत होतं. मीही दमले होते. दळण, पाणी, खोलीवरच्या खेपा, आणि मनात सारखी आटपाडी.

साहेब तपासायला आले त्या दिवशी हवालदार नेहमीसारखेच ओरडले. सांगलीच्या माणसानं निरोप शब्दन् शब्द परत सांगितला. वर विचारलं, "दादा, बरं न्हाई काय? आवाज लय बारीक झालाय."

हवालदार रुसले. साहेब म्हणाले, कळतंय ना, मग बास.

घरी येऊन हे "कायम केलं" एवढंच बोलले आणि टोपी न काढता भिंतीला टेकले. मी ताट वाढेपर्यंत ह्यांना झोप लागली होती. आटपाडी टळली होती, मला आनंद व्हायला हवा होता. मी ताटाशेजारी बसून राहिले. चुलीवरचं उतरवायलाही उठवेना.